मेकॅनिकल सोडून फिजिओथेरपी: डोकं फिरलंय का माझं?

सातारी_कंदी
नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबलाय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात मेकॅनिकलच्या सेकंड इयरला, तिसरी सेम चालू आहे. घर साताऱ्याला, वडील एसटीत कंडक्टर. फर्स्ट इयरला मॅथ्सची केटी लागली होती ती निघाली, म्हणजे ढ नाही पण हुशार म्हणावं असंही नाही, मधलाच.

झालं काय की मेच्या शेवटी आईचा उजवा गुडघा बदलला. परीक्षा संपलेली त्यामुळे मी घरीच. पाचव्या दिवशी घरी सोडलं, मग फिजिओ मॅडम यायला लागल्या, विजिटला पाचशे. बारा विजिट झाल्यावर वडिलांचा चेहरा बघून मॅडमच म्हणाल्या की आता मुलाला शिकवते, तो करून घेईल. जाताना प्लास्टिकचा गोनिओमीटर दिला (कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन हात फुटल्यासारखा असतो). मी रोज सकाळ-संध्याकाळ आईचा गुडघा वाकवायचो, मोजायचो आणि ग्राफ पेपरवर टाकायचो. सुरुवात ६२ डिग्री. आई शिव्या घालायची, मेल्या पोटचा आहेस का कसाई आहेस. एकदा सलग नऊ दिवस ८४ वर अडकलो होतो, रात्री झोप नाही यायची हो, परीक्षेचं कधी एवढं टेन्शन घेतलं नव्हतं. सातव्या आठवड्यात १०८ झाले आणि आई आधार न घेता जिना उतरली.

कॉलेज सुरू झालं, एसओएमच्या (स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स) लेक्चरला सर बेंडिंग मोमेंट शिकवतायत आणि माझ्या डोक्यात गुडघ्याची वाटी. ती वाटी स्नायूची ओढ सांध्यापासून लांब नेते म्हणून कमी जोरात पाय सरळ होतो हे कळलं तेव्हा पहिल्यांदा मोमेंट आर्म (ओढीचं सांध्यापासूनचं अंतर) म्हणजे काय ते कळलं असं वाटलं. तेव्हापासून एकच किडा, हे सगळं सोडून फिजिओथेरपीला जावं. बारावीला पीसीएमबी होतं, बायोत मार्क बरे होते, नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा) दिली नव्हती.

घरी बोललो तर वडील म्हणाले व्हायचं तर एमबीबीएस डॉक्टर हो नाहीतर इंजिनीअर हो, हे मधलं काय काढलंस. मामा म्हणाला मालिश करणार का लोकांची. आई काहीच बोलली नाही.

प्रश्न असे: इंजिनीअरिंगची दोन वर्षं कुठे धरतात का, डायरेक्ट सेकंड इयरसारखं काही? नीट लागतेच का? आणि खरं म्हणजे, पोट भरतं का यात?

टग्या
आईच्या गुडघ्याची डिग्री वाढली, पोराची डिग्री गेली :)
पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

खडूस_काका
टग्या, पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

कंदी, मी ३४ वर्षं प्रॉडक्शनमध्ये काढली, मेकॅनिकलच. तिसऱ्या सेमला प्रत्येकाला वाटतं आपण चुकीच्या ठिकाणी आलोय, थर्मोडायनॅमिक्स बघितलं की मला कीर्तनकार व्हावंसं वाटायचं. अडीच वर्षं राहिली आहेत, डिग्री हातात घे. शरीराचंच यंत्र आवडत असेल तर बीईनंतर गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) दे आणि बायोमेडिकलला एमटेक कर, आयआयटी मुंबईला हा विभाग आहे आणि तिथे मेकॅनिकलची मुलं जातात. सांधे, इम्प्लांट, कृत्रिम पाय हे सगळं मेकॅनिकलच आहे शेवटी. हातातलं सोडून पळत्याच्या मागे लागू नकोस.

इंटर्न_चालू_आहे
मी बीपीटीएच (फिजिओथेरपीची डिग्री), सध्या इंटर्नशिप, ड्युटी संपवून लिहितेय त्यामुळे चुका माफ.

आधी कोरडी उत्तरं. इंजिनीअरिंगमधलं एकही वर्ष, एकही क्रेडिट धरत नाहीत. डायरेक्ट सेकंड इयर वगैरे इथे नाही, अ‍ॅनाटॉमीच्या पहिल्या हाडापासून सुरुवात. महाराष्ट्रात प्रवेश नीटच्या मार्कांवर सीईटी सेलच्या कॅप राउंडमधून (राज्याची एकत्रित प्रवेश फेरी) होतो, त्यामुळे नीटचा फॉर्म भरल्याशिवाय विषयच संपला. वयाची वरची अट नाही, वीस म्हणजे काही म्हातारपण नाही, माझ्या बॅचला बीएस्सी पूर्ण करून आलेली एक मुलगी होती, तिला सगळे माऊ म्हणायचे.

आमचा कोर्स साडेचार वर्षांचा, चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप. पण २०२५ मध्ये फिजिओसारख्या कोर्सचे नियम करणाऱ्या राष्ट्रीय आयोगाने नवा अभ्यासक्रम काढलाय, त्यात इंटर्नशिप वर्षभराची म्हणजे एकूण पाच वर्षं. तू पाचच धरून चाल.

सरकारी-महापालिकेची कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी, मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरचं जीएमसी (सरकारी मेडिकल कॉलेज). तिथली फी तुमच्या घराला झेपेल पण नीटला मार्क तसे लागतात. बाकी सगळी खासगी, वर्षाला दीड-दोन लाख आणि पुढे कितीही, डीम्ड (अभिमत विद्यापीठ) असेल तर त्याहून जास्त. मुलींना २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ट्यूशन फी माफ आहे (माझ्या धाकट्या बहिणीला मिळतेय, मला नाही मिळाली, नशीब), मुलांना प्रवर्गाप्रमाणे. तू एक कोर्स अर्धवट सोडून येणार, त्यामुळे महाडीबीटीवरचे (राज्याचं स्कॉलरशिप पोर्टल) नियम स्वतः वाच आणि स्कॉलरशिपच्या खिडकीवर विचार, मित्राच्या मित्राचं ऐकू नकोस.

अजून एक, इंजिनीअरिंगला ४० ला पास होतोस ना, आमच्या आरोग्य विद्यापीठात ५० लागतात, थिअरीला वेगळे आणि प्रॅक्टिकलला वेगळे. फर्स्ट इयरला अ‍ॅनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेम आणि वर आमचे कायनेसिओ (हालचाल-व्यायामाचं शास्त्र) आणि इलेक्ट्रो (करंट-शेकाचे उपचार). एका स्नायूचं मूळ कुठे, शेवट कुठे, नस कुठली, काम काय, असे शेकडो. हे पाठांतरच आहे, यात समजून घेण्यासारखं फार नसतं. मेकवाले इथेच रडतात असं मला वाटतं. कायनेसिओला मात्र तू वर्गाला शिकवशील.

अर्धवट_इंजिनीअर
खडूस काकांना अनुमोदन. मी पण तिसऱ्या सेमला फोटोग्राफी करणार होतो, आता आयटीत आहे, कॅमेरा कपाटात.

पोळीभाजी
@अर्धवट_इंजिनीअर, मग सुखी आहात का?

अर्धवट_इंजिनीअर
ईएमआय सुखी आहे.

निशाताई_नाशिक
कंदी, मी फिजिओथेरपिस्ट, चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ स्वतःचं क्लिनिक. तुझी पोस्ट दोनदा वाचली. ग्राफ पेपर आवडला. पण जरा गार पाणी ओतते, रागावू नकोस.

तू जे केलंस ते एका पेशंटचं केलंस आणि ती तुझी आई होती. गुडघा बदललेला पेशंट हा आमच्यातला सगळ्यात समाधान देणारा पेशंट असतो. रोज आकडा वाढतो, दोन महिन्यांत माणूस चालतो, पेढे मिळतात. सगळे असे नसतात. पॅरालिसिसच्या आजोबांचा हात तीन महिने तिथल्या तिथे असतो, घरचे रोज विचारतात ताई कधी उचलेल, आणि तुला खोटं बोलायचं नसतं आणि खरंही तोंडावर मारायचं नसतं. सेरेब्रल पाल्सीचं मूल असतं, दीड वर्ष मेहनत करून ते भिंतीला टेकून बसायला लागतं, तो आमचा दिवाळीचा दिवस, पण बाहेरच्याला त्यात काय एवढं असंच वाटतं. तू नऊ दिवस ८४ वर अडकलास तर झोप उडाली ना, मग नऊ महिने अडकलास तर?

दुसरं, आपण पेशंटबरोबर दिवसातला अर्धा तास असतो, उरलेले साडेतेवीस तास तो घरी. घरी व्यायाम केला का विचारलं की सगळे "केला केला". चेहऱ्यावर दिसतं केला नाही. त्याला करायला लावणं हेच निम्मं काम, ते पुस्तकात नाही, ते तुला बहुतेक जमेल कारण शिव्या खाऊनही तू थांबला नाहीस.

तिसरं, लोकांना मशीन हवं असतं. करंट लावा, शेक द्या, लाईट लावा. मी तपासून सांगते की तुम्हाला मशीनची गरज नाही, पाठीचा व्यायाम शिकवते, तर पुढच्या आठवड्यात ते बाजूच्या गल्लीत करंट घ्यायला जातात. पूर्वी चिडायचे. आता एक आयएफटी (दुखण्यावर लावायचं करंटचं मशीन) ठेवलंय, ज्याला खरंच दुखतंय त्याला दहा मिनिटं लावते आणि तो पडलेला असताना व्यायामाचं गळी उतरवते. मालिशवाली म्हणणारे मामा प्रत्येक घरात आहेत, त्यांची कंबर धरली की येतात, आणि तेव्हा पैसे पूर्ण घ्यायचे.

पैशांचं: नवीन पोरांना शहरातल्या हॉस्पिटलात पंधरा ते पंचवीस हजार देतात, बरेचदा पंधराच. लाज वाटावी असा आकडा आहे पण तोच आहे. होम विजिट करणाऱ्याला त्याहून बरे सुटतात, पण बाईकवर दिवसभर ऊन खात सात-आठ घरं करायची आणि त्यात दोन जण ऐनवेळी आज पाहुणे आलेत म्हणणार. स्वतःचं क्लिनिक उभं राहायला मला चार वर्षं लागली, त्या चार वर्षांत घर नवऱ्याच्या पगारावर चाललं हे मी लपवत नाही. तुझ्या घरात तसा दुसरा पगार आहे का, वडिलांची रिटायरमेंट कधी, हे कागदावर मांड.

आणि हो, माझे दोन्ही अंगठे दुखतात. चौदा वर्षं दुसऱ्यांच्या पाठी दाबल्यावर दुखणारच, कॉलेजात हे कुणी सांगत नाही.

आता माझं म्हणणं. ठरवायच्या आधी दिवाळीच्या सुट्टीत कुठल्याही फिजिओ ओपीडीत पंधरा दिवस बस. नुसतं बस. तुझ्या आईच्या मॅडमना विचार, त्या ओळख काढून देतील. पंधराव्या दिवशीही सकाळी उठून जावंसं वाटलं तर पुढचं बोलू.

हेमांगी_सोलापूर
ताई, शेवटच्या परिच्छेदासाठी टाळ्या. माझ्या लेकीला टीव्हीवर क्रिकेट बघून स्पोर्ट्स फिजिओ व्हायचं होतं, मैदानात धावत जातात ना बॅग घेऊन, ते. तिला पण ओपीडीत बसवलं असतं तर बरं झालं असतं. आता थर्ड इयरला आहे, छातीची फिजिओथेरपी चालू आहे, कफ काढतेय लोकांचा.

टग्या
प्रश्न: यांना डॉक्टर म्हणायचं की नाही?

खडूस_काका
झालं. धागा भरकटला.

इंटर्न_चालू_आहे
टग्यादादा, हा प्रश्न विचारून तुम्ही आमच्या व्हॉट्सॅप ग्रुपला आग लावू शकता. सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीहून पत्र आलं की फिजिओंनी नावाआधी डॉ. लावू नये आणि दुसऱ्याच दिवशी ते पत्र मागे घेतलं. नव्या अभ्यासक्रमात नावाआधी डॉ. आणि नावापुढे पीटी असं दिलंय. पेशंट मला "ओ व्यायामवाल्या मॅडम" म्हणतात, मी ओ देते. कंदी, पाटीवर डॉ. लागेल म्हणून येणार असशील तर नको येऊस, एवढंच.

ब्रॅडफर्डकर
थोडा उशिरा आलो. मी मूळचा मिरजेचा, इकडे इंग्लंडमध्ये एनएचएसमध्ये (सरकारी आरोग्यसेवा) फिजिओ आहे. एक वेगळी वाट सांगतो, कुणी लिहिली नाही म्हणून.

आपल्याकडे मधूनच वळायची सोय नाही पण इकडे आहे. दुसऱ्या विषयाची डिग्री असलेल्यांसाठी दोन वर्षांचा प्री-रजिस्ट्रेशन एमएस्सी असतो, तो केला की एचसीपीसीकडे (इकडची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी होते आणि तुम्ही फिजिओ. अमेरिकेत तर बहुतेक सगळेच आधी कुठली तरी डिग्री करून मग तीन वर्षांचं डीपीटी (डॉक्टर ऑफ फिजिकल थेरपी) करतात. म्हणजे खडूस काका म्हणतात तसं बीई पूर्ण करून पुढे हे करता येतं.

आता त्यातली मेख. बरीचशी विद्यापीठं आधीच्या डिग्रीत बायो किंवा स्पोर्ट्स सायन्ससारखं काही बघतात, नुसत्या मेकॅनिकलवर दार उघडेलच असं नाही, काही जण जीवशास्त्राचा वेगळा पुरावा मागतात. परदेशी विद्यार्थ्याची फी ऐकून एसटीतल्या वडिलांना सांगायची हिंमत होणार नाही. आणि सध्या इकडे नवीन पास झालेल्यांनाच पहिली बँड ५ ची (सुरुवातीच्या श्रेणीची) नोकरी मिळायला रांग आहे. त्यामुळे मी सुचवत नाहीये, फक्त वाट आहे हे माहीत असू दे.

मी स्वतः बीपीटीएच करूनच आलो, कागदपत्रं, नोंदणी सगळं धरून वर्ष गेलं. एक गंमत सांगतो, इकडे पेशंटला हात लावायच्या आधी परवानगी विचारायची आणि ती लिहून ठेवायची. मिरजेला आजी स्वतःच माझा हात ओढून खांद्यावर ठेवायच्या, इथे दुखतंय रे बाळा.

पोळीभाजी
कंदीला अजून एक, कुणी बोललं नाही. प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सचा वेगळा डिग्री कोर्स आहे, कृत्रिम हातपाय, कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा), स्प्लिंट बनवणं आणि बसवणं. मुंबईत हाजीअलीच्या संस्थेत आहे. यंत्र पण आणि माणूस पण. माझ्या चुलतभावाला पोलिओ होता, त्याचं कॅलिपर तिथलंच. बनवणारा माणूस दर वेळी त्याला चालायला लावायचा आणि जमिनीवर उकिडवा बसून नुसता टाचेकडे बघत बसायचा.

निशाताई_नाशिक
पोळीभाजी, छान सुचवलंत. फिजिओला आणि त्याला नियम करणाऱ्या संस्था वेगळ्या, फिजिओची इथे राज्याच्या कौन्सिलकडे नोंदणी, त्यांची पुनर्वास परिषदेकडे. पोलिओवरून आठवलं, आपल्या देशात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं तेच मुळात पोलिओमुळे, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला केईएममध्ये. तेव्हा वॉर्डच्या वॉर्ड मुलांचे असायचे म्हणे. आता पोलिओ गेला, त्या जागी साखर, पॅरालिसिस, गुडघे, आणि लॅपटॉपने मोडलेल्या माना.

सातारी_कंदी
सगळ्यांना धन्यवाद, महिनाभर गायब होतो कारण निशाताईंचं ऐकलं.

आईच्या मॅडमनी साताऱ्यातल्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात बसायची परवानगी काढून दिली. अट एकच, कशालाही हात लावायचा नाही आणि मध्ये बोलायचं नाही. बारा दिवस गेलो, पंधरा नाही जमले, लक्ष्मीपूजनाच्या आसपास बंदच होतं.

पहिल्या दिवशी तर कंटाळाच आला, खरं सांगतो. शेक लावला, दहा मिनिटं. मशीन लावलं, दहा मिनिटं. मला वाटलं हेच असतं का. मग चौथ्या दिवशी छातीचा पेशंट आला, हेमांगीताईंच्या लेकीवाला प्रकार. सर त्याच्या पाठीवर हाताची ओंजळ करून थोपटत होते आणि तो टबात थुंकत होता, तो रंग बघून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. परत आत आलो तेव्हा तो माणूस दोन वाक्यं सलग बोलत होता, येताना त्याला एक वाक्य जमत नव्हतं. सर माझ्याकडे बघून हसले, म्हणाले आलास का परत, काही जण नाही येत.

एक आजोबा होते कोरेगावकडचे, उसाची तोडणी करायचे, उजवी बाजू गेलेली. पॅरलल बारमध्ये (धरून चालायच्या दोन समांतर दांड्या) उभे करायचे आणि सर म्हणायचे टाच टेका, टाच, आजोबा टाच. मी मोजलं, एका फेरीत तेवीस वेळा. रोज. बाराव्या दिवशीही टाच टेकत नव्हती. ताई, तुम्ही म्हणालात ना ग्राफ न वाढणारे पेशंट, तर मी त्यांचाही ग्राफ काढायला घेतला होता, सगळे ठिपके एका ओळीत आले. पण मला कळलं की मी टाच बघतच नव्हतो, मी बघत होतो की कंबर वर उचलून पाय फेकतायत ते कमी झालंय का. ते झालं होतं थोडं. सरांना भीत भीत सांगितलं, बोलायचं नाही ठरलेलं असताना. ते म्हणाले हं. एवढंच.

तर जावंसं वाटलं, रोज वाटलं. फक्त शेकाच्या वेळी नाही.

घरचा हिशोब मांडला. वडिलांची सहा वर्षं राहिलीत. आता सोडून पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला तर कोर्स संपताना मी २६ चा, वडील जवळजवळ रिटायर. बीई करून मग गेलो तर २८ आणि पगार बंद. त्यामुळे काका, नंतर करू हे आमच्या घरात बसत नाही, केलं तर आत्ताच.

पण कॉलेज आत्ता सोडत नाहीये. चौथी सेम भरतो, नीट देतो, ज्या कॉलेजची फी झेपते तिथे नंबर लागला तरच सोडेन. नाही लागला तर थर्ड इयर मेकॅनिकल, मुकाट्याने. वडील एवढ्याला हो म्हणालेत. आनंदाने नाही.

खडूस_काका
दोन डगरींवर हात ठेवलास. चौथ्या सेमला सबमिशन, ओरल, थिअरी आणि मे महिन्यात नीट, म्हणजे परीक्षा एकमेकींच्या अंगावर येणार. पण हिशोब मांडलास हे मला आवडलं. माझ्याकडच्या निम्म्या ट्रेनी इंजिनीअरांना तेवढाही येत नव्हता. माझा विरोध मागे, पण केटी लावून घेऊ नकोस.

इंटर्न_चालू_आहे
शाब्बास. आता अभ्यासाचं. १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यातले ३६० बायोचे. फिजिक्स-केमिस्ट्री तुझं बारावीचं घासून होईल, बायो मात्र एनसीईआरटीचं ओळ न ओळ, आकृतीखालचे शब्दसुद्धा. चुकलं की एक मार्क जातो त्यामुळे अंदाज पंचे नको. मॉक टेस्ट लावलीस का?

सातारी_कंदी
लावली. फिजिक्स ठीक, केमिस्ट्री पडलं, बायो ३६० पैकी १८८. वनस्पतींचं तर काहीच आठवत नाही ताई, त्यांना गुडघे नसतात.

टग्या
वा वा. आता मी याच्या बाजूने.

ब्रॅडफर्डकर
कागदांचं आत्ताच लिहून ठेव, नंतर धावपळ होते. नंबर लागल्यावर जुन्या कॉलेजकडून टीसी, पुणे विद्यापीठाचं मायग्रेशन, बारावीनंतरच्या वर्षांचं गॅपचं प्रतिज्ञापत्र, डोमिसाइल, असेल तर जात प्रमाणपत्र-नॉन क्रिमीलेअर. माझ्या रूममेटने असंच मध्ये सोडलं होतं तर त्याच्या कॉलेजने उरलेल्या वर्षांची फी भर तर ओरिजिनल देतो असं सुरू केलं होतं. असं अडवता येत नाही, लेखी अर्ज देऊन पोच घे, तोंडी भांडू नकोस. त्याचे कागद तीन आठवड्यांनी सुटले.

हेमांगी_सोलापूर
आई काय म्हणाली पण? पहिल्या पोस्टमध्ये काहीच बोलली नाही लिहिलं होतंस, तेव्हापासून विचारायचं होतं.

सातारी_कंदी
ती म्हणाली तुझ्या बापाला मी बघते. आणि मग म्हणाली की दुसऱ्या गुडघ्याचं मात्र तुझ्याकडून करून घेणार नाही, मॅडमनाच बोलवायचं.

निशाताई_नाशिक
:) हुशार आहेत. आता मोजमाप सांग, आजचं.

सातारी_कंदी
वाकणं ११६! मांडी घालू नका सांगितलंय त्यामुळे खुर्चीतच, पण जिना, रिक्षा, सगळं करते.

निशाताई_नाशिक
वाकण्याचं सगळेच सांगतात. सरळ किती होतो?

सातारी_कंदी
थांबा, मोजतो.
.
.
पाच डिग्री कमी पडतायत. ग्राफवर हे मी घेतलंच नव्हतं कधी.

निशाताई_नाशिक
वाटलंच मला. वाकण्यापेक्षा ते महत्त्वाचं, गुडघा पूर्ण सरळ नाही झाला तर चालताना मांडी सतत कामाला लागते, संध्याकाळी पाय भरून येतो, आईला विचार येतो का. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, गुडघा खाली दाबायचा, दहा आकडे मोजून सोडायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. उशी गुडघ्याखाली घेऊन झोपत असतील तर आजपासून बंद. आणि तुझ्या मॅडमना दाखव एकदा, मी लांबून सांगतेय.

सातारी_कंदी
येतो म्हणाली, रोज संध्याकाळी भरून येतो, आणि उशी घेतेच ती, मीच आणून दिली होती. काढून घेतली आत्ता. नवीन ग्राफ पेपर घेतलाय.
आई विचारतेय या नाशिकच्या बाई कोण आणि त्यांना माझ्या उशीशी काय करायचंय.